ठोका की शिक्का?
कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांच्या ‘पल्स रूम’ (२००६) या कलामांडणीत छताला तारेचे पारदर्शक बल्ब ओळीने टांगलेले असतात. एका बाजूचं हँडल दोन्ही हातांनी धरलं की सेन्सर नाडी टिपतो आणि सर्वात जवळचा बल्ब तुमच्या ठोक्यावर उघडझाप करू लागतो. हात सोडला की क्षणभर अंधार. मग सगळे ठोके एकेक बल्ब पुढे सरकतात. शेवटच्या बल्बातला ठोका कायमचा पुसला जातो.

कलाकार ट्रेव्हर पॅगलन आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांचं ‘इमेजनेट रूलेट’ (२०१९) हे संकेतस्थळ इतकं हळवं नव्हतं. तिथे आपला फोटो दिला, की चेहऱ्याभोवती चौकट यायची आणि सोबत, हा माणूस कोण हे सांगणारं एक लेबल. कधी निरुपद्रवी, कधी थेट वंशवादी. ही लेबलं या दोघांनी रचलेली नव्हती. संगणकाला चित्रं ओळखायला शिकवणाऱ्या ‘इमेजनेट’ या संग्रहातलीच होती. त्याच वर्षी संग्रहातून माणसांचे सुमारे ६ लाख फोटो काढणार असल्याचं जाहीर झालं.

पहिलं तुम्हाला गर्दीत मिसळून टाकतं, दुसरं गर्दीतून उचलून शिक्का मारतं. दिसायला पहिलं कितीतरी देखणं (फोटोत तर फारच). पण मला वजनदार वाटतं ते दुसरं. बल्ब पाहून माणूस हरखतो. लेबल वाचून चिडतो आणि विचारतो, ‘हे ठरवलं कोणी?’