‘कच्चं कातडं’ म्हणून टॅनरीचा माल: कुत्र्यांसाठी चघळायचे च्यू बनवणाऱ्यांनी सावध राहावं

‘खारवलेलं कच्चं कातडं, थेट खाटिकखान्यातून’ असं सांगून विकलेल्या खेपेत टॅनरीतल्या (चामडं कमावण्याच्या कारखान्यातल्या) चुन्याच्या हौदातले तुकडे निघाले. आधी पाठवलेला नमुना चोख होता: एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला पातळ पडदा आणि थोडी चरबी. मोठ्या खेपेत मात्र पांढरेशुभ्र, बिनकेसांचे पट्टे होते आणि वरून मीठ भुरभुरवलेलं. जाब विचारला तर उत्तर आलं, “केस काढून दिलेत, तुमचंच काम वाचलं.”

केस असे सहजासहजी निघत नाहीत. टॅनरीत ते चुना आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात विरघळवतात. त्याचा पीएच 12 च्या पुढे असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी, भाजणारं असतं. कातडं फुगलं की यंत्रावर त्याचे दोन थर करतात. वरच्याचं चामडं होतं, खालचा थर म्हणजे स्प्लिट. याच्या दोन्ही बाजू तंतुमय असतात, केसांच्या मुळांची छिद्रं कुठेच दिसत नाहीत. कारखान्यातले च्यूही बहुधा स्प्लिटचेच असतात, पण तिथे आधी चुना काढून टाकतात आणि माल पुन्हा पुन्हा धुतात. चुन्यासकट सुकवलेला तुकडा कुत्र्याच्या लाळेत भिजला की तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते.

तपासायला हळद पुरते, चुना लागला की ती लाल होते. जाड तुकडा रात्रभर भिजवून मधोमध कापा आणि ताज्या कापावर पाण्यात कालवलेली हळद चोळा. वरवर धुतलेल्या मालात कडा पिवळ्या राहतात आणि मधोमध लाल पट्टी उमटते, कारण चुना आतून सगळ्यात शेवटी निघतो. म्हणून नुसता पृष्ठभाग तपासून भागत नाही. असा माल व्हिनेगर किंवा लिंबाने ‘सुधारायला’ जाऊ नका. उरलेल्या सल्फाइडवर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो.

दुसरी भेसळ याहून लबाड. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेला तुकडा निळसर असतो, तो लगेच ओळखू येतो. ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने कमावलेला मात्र पांढरट-पिवळसर, कच्च्यासारखाच दिसतो, आणि हळदही त्यावर गप्प राहते. इथे थर्मामीटर लागतो. भिजलेला तुकडा 68 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाका. कच्चं कातडं 65 च्या आसपासच आकसून वळतं, कमावलेलं सपाट राहतं. थेट उकळत्या पाण्यात टाकलंत तर हा फरक कळत नाही, कारण तिथे ग्लुटराल्डिहाइडचा तुकडाही आकसतो.

खरा माल मिळाला तरी मीठ काढावंच लागतं. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे 2 ते 3 ग्रॅम मिठानेही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. कातड्याच्या दहापट थंड पाण्यात, फ्रिजमध्ये, दिवसभर भिजवा आणि पाणी चार-पाच वेळा बदला. मग चरबी, मांस आणि केस खरवडून टाका. चरबी राहिली की महिन्याभरात खवट वास येतो. 3 सेंटिमीटर रुंद पट्टे कापा. लांबी हवी त्याच्या दुप्पट ठेवा, आकसतात. 75 ते 80 अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवून आतपर्यंत तापू द्या. जंतू ओल्या उष्णतेने मरतात. आधी सुकवून मग तापवलं तर ते बराच वेळ तग धरतात. जास्त उकळलं तर मात्र कातडं विरघळून त्याचा डिंकासारखा चिकट सरस होतो. गरम असतानाच गुंडाळा आणि 55 ते 60 अंशांवर, वारा खेळता ठेवून वाळवा. घाईने आच वाढवली की वरची साल कडक होते, आतली ओल अडकते आणि आठवड्याभरात बुरशी धरते. आपोआप मेलेल्या किंवा आजारी जनावराचं कातडं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. अँथ्रॅक्सचे बीजाणू असल्या उष्णतेला दाद देत नाहीत.

खरेदी करताना पावतीवर ‘केसांसह, चुना न लावलेलं, न कमावलेलं’ असं लिहून घ्या. नमुन्यावर विसंबून सगळे पैसे आधी देऊ नका. प्रत्येक पिशवीतला सगळ्यात जाड तुकडा तपासा, लाल पट्टीचा फोटो पिशवीवरच्या लेबलसकट काढा आणि बाकीच्या पिशव्या तशाच बंद ठेवा. एकदा भिजत घातलेला माल विक्रेता परत घेत नाही.