मांजराच्या गळ्यात घुंगरू की रंगीत झालर?

मांजरापासून पक्षी वाचवायचे असतील तर गळपट्ट्यावर चढवायची भडक रंगांची कापडी झालरच घ्या. घुंगरू स्वस्त नि सोपं खरं, पण मांजर दबा धरून बसतं तेव्हा ते वाजतच नाही. वाजतं ते झेप घेताना, आणि तोवर उशीर झालेला असतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात घुंगराचा ठळक परिणाम दिसला नाही. झालरीमुळे मात्र मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात, म्हणून. उंदरांच्या बाबतीत तिचा उपयोग शून्य (तिथे तुमची तक्रार नसेलही).

दोन्हींत खरी मेख गळपट्ट्याची. ओढ बसताच सुटणारं बक्कलच हवं, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. त्याहून सैल ठेवलात, तर अंग चाटताना मांजराचा खालचा जबडा किंवा पुढचा पाय त्यात अडकतो.

पट्टा खपतच नसेल तर रोज ५ ते १० मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळवा आणि शेवटी कापडी उंदीर चावायला द्या. त्याच अभ्यासात अशा खेळाने घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली.