सात रात्रींच्या पैशात चार रात्री

भद्रकालीतल्या एका बोळात जुन्या सामानाचं दुकान आहे. नाव लिहीत नाही. भांडायचं नाहीये, आणि खरं तर दुकानाला पाटीच नाही. समया, बंद मिक्सर, शिवणयंत्राची पायडलं आणि त्यांच्या खाली रेकॉर्डची तीन खोकी. पहिल्या दोन खोक्यांत हिंदी सिनेमे आणि भजनं होती. तिसऱ्यात तळाशी 'अ ड्रॉप ऑफ द हार्ड स्टफ' सापडली. आयर्लंडची लोकगीतं गाणारी मंडळी द डब्लिनर्स, १९६७, मेजर मायनर कंपनी. "देवळालीच्या बंगल्यातला माल आहे काका," मालक म्हणाले. देवळालीचा बंगला म्हटलं की नाशकात फुटक्या बशीलाही भाव येतो. त्यांनी ८०० सांगितले, ६५० ला दिली.

मला त्यातलं पहिलंच गाणं हवं होतं, 'सेव्हन ड्रंकन नाइट्स'. प्रेसमध्ये नोकरीला असताना एका मित्राच्या कॅसेटवर अर्धवट ऐकलं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

गोष्ट अशी. सोमवारी रात्री नवरा झिंगून घरी येतो, तर दाराशी परका घोडा. बायको म्हणते, आंधळा आहेस का, ती डुकरीण आहे, माझ्या आईनं पाठवलीय. हा म्हणतो, मुलूख पालथा घातला, पण पाठीवर खोगीर घातलेली डुकरीण नाही पाहिली बुवा! आणि झोपायला जातो. मंगळवारी खुंटीवर परका कोट. तो म्हणे ब्लँकेट. मग ब्लँकेटला बटणं कशी? बुधवारी चिलीम, ती म्हणे बासरी. बासरीत तंबाखू कुठून आली? आपल्या तमाशातली बतावणीच. फक्त आपल्याकडे मावशी मध्ये पडली असती आणि अर्धा तास वाढला असता.

रॉनी ड्रू हे सगळं एकदम कोरड्या आवाजात गातो. आवाज म्हणजे बांधकामावर चाळणीतून रेती पडावी तसा. तो कुठेही हसत नाही, म्हणून आपण हसतो. मागे बार्नी मॅकेना बँजोवर बोटं नाचवत असतो. ही मंडळी १९६२ मध्ये डब्लिनच्या ओडोनोह्यूज नावाच्या पबमध्ये जमली, आणि पबमधलं हे वातावरण रेकॉर्डवरही टिकलंय. त्यांचा दुसरा गायक ल्यूक केली १९८४ मध्ये गेला, ड्रू २००८ मध्ये.

आता तक्रार. नाव सात रात्रींचं असलं तरी डब्लिनर्स पाचच रात्री गातात. उरलेल्या दोन फारच वाह्यात आहेत, चारचौघांत म्हणण्यासारख्या नाहीत. ते मला माहीत होतं. पण माझ्या रेकॉर्डवर चारच निघाल्या! कडेला एक चरा आहे. बुधवारची रात्र संपता संपता सुई तिथे घसरते आणि थेट शुक्रवारात जाऊन पडते. गंमत म्हणजे चाल तीच, ताल तोच, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना पत्ताही लागला नाही. दुसऱ्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा गुरुवार गायब. शुक्रवारी अंथरुणात परकं डोकं दिसतं, बायको म्हणते ते तान्हं बाळ आहे, आणि नवरा विचारतो, बाळाला दाढी?

हिला सगळं मराठीत समजावून सांगितलं. ही मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, त्याला खोगीर दिसलं, बटणं दिसली, दाढीसुद्धा दिसली. एवढं दिसणारा माणूस प्यालेला कसला? त्याला बघायचंच नाहीये."

मी गप्प बसलो. कारण डब्लिनर्सनी हे गाणं ज्याच्याकडून घेतलं, त्या कॉनेमारातल्या कार्ना गावच्या जो हीनीकडे याचंच आयरिश भाषेतलं भावंड होतं. त्यात नवरा कित्येक वर्षांनी घरी येतो आणि तो दाढीवाला खरोखर त्याचा मुलगाच निघतो. म्हणजे तिथे बायको खरं बोलत असते. गाणं मुळात आयर्लंडचंही नाही म्हणतात. स्कॉटलंडमध्ये डेव्हिड हर्डनं ते १७७६ मध्ये छापलं, १७८९ मध्ये जर्मनीत पोचलं, चाइल्ड नावाच्या प्रोफेसरांनी आपल्या संग्रहात त्याला २७४ वा नंबर दिला. पुढे अमेरिकेत सनी बॉय विल्यमसननं ते ब्लूजमध्ये म्हटलं. फसलेला नवरा सगळीकडे चालतो.

चालला नाही तो आयर्लंडच्या सरकारी रेडिओला. आरटीईनं गाण्यावर बंदी घातली. मग समुद्रात जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइननं ते उचलून धरलं (रेकॉर्ड कंपनीच्या मालकाचा त्या रेडिओतही हिस्सा होता, उगाच नाही) आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सातव्या नंबरावर गेलं. गाताना पाचच रात्री, पण यादीत बरोब्बर सातवा नंबर.

बाकीची रेकॉर्ड ठीक आहे. 'ब्लॅक व्हेल्व्हेट बँड' स्वच्छ वाजतं. दुसऱ्या बाजूला खरखर आहे, पण कढईत तडतडणाऱ्या शेंगदाण्यांसारखी, त्रास देणारी नाही. कव्हरचा एक कोपरा पाणी लागून फुगलाय. तिथे जाणार असाल तर खिशात टॉर्च ठेवा, रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात बघा. दुकानात वाजवून दाखवायला मशीन नाही. रविवारी सकाळी जा, नंतर बोळात गाडी घालणं अशक्य.

चौथी रात्र शेवटी शेजारच्या मुलानं मोबाइलवर लावून दिली. परके बूट असतात, बायको म्हणते जिरेनियमच्या कुंड्या. कुंड्यांना नाड्या!

परवा तक्रार घेऊन दुकानात गेलो. मालकांनी चऱ्यावरून अंगठा फिरवला.

"गाणं शेवटपर्यंत वाजतं ना काका?"

"वाजतं."

"मध्ये थांबतं का?"

"नाही."

"मग?"

नाट्यसंगीताच्या दोन रेकॉर्ड घेऊन आलो, ३०० ला जोडी. अजून मोजून बघितलेल्या नाहीत.