‘इंजिन जुनं झालंय, जाड ऑइल घाला’: या सल्ल्यात फसू नका

जुनी गाडी निळसर धूर सोडायला लागली की मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच सांगून मोकळा होतो: ‘इंजिन थकलंय, जाड ऑइल घालू, सोबत ही एक बाटली.’ इंजिन खोलायचा खर्च वाचला म्हणून मालक खूश. धूर कमी होतो, खडखड दबते, बिल चुकतं होतं. दुरुस्त मात्र काहीच झालेलं नसतं.

त्या बाटलीत बहुतेक वेळा ऑइल घट्ट करणारं पॉलिमर असतं. घट्ट ऑइल पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांमधून कमी निसटतं, एवढीच जादू. इंजिनात रगडून पॉलिमर तुटलं की धूर परत येतो. शिवाय मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) असताना त्याहून जाड २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंड इंजिन सुरू करताना ऑइल व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं. फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडून न गाळलेलं ऑइल बेअरिंगमध्ये जातं ते वेगळंच. (मॅन्युअलच २०डब्ल्यू-५० सांगत असेल, आणि कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांचं सांगतं, तर तेच बरोबर.) गाडी विकतानाही जाड ऑइलची हीच युक्ती चालते. म्हणून जुनी गाडी घेताना रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः सुरू करा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही.

ऑइल बदलण्याआधी धूर बघा. सकाळी सुरू करताना भपकारा येऊन थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणारं रबर); चढावर, जोर देताना येत असेल तर रिंगांवर. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा. तो कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला लावा. आकडा चढला तर रिंग गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही चाचणी टाळणारा मेकॅनिक टाळावा.

दुसरी फसवणूक डब्यावरच छापलेली असते. पुढे मोठ्या अक्षरात २०डब्ल्यू-५०, मागे बारीक अक्षरात ‘एपीआय एसए’ (एपीआय ही ऑइलच्या दर्जाच्या श्रेणी ठरवणारी अमेरिकी संस्था). एसए ही श्रेणी १९३० नंतरच्या पेट्रोल इंजिनांसाठी नाहीच. उलट ‘सगळ्यात नवीन श्रेणी म्हणजे सगळ्यात चांगली’ हेही अर्धसत्य. एसपीसारख्या नव्या श्रेणीच्या १०डब्ल्यू-३० मध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आहे. सपाट टॅपेटच्या (कॅमवर थेट घासत चालणारा, रोलर नसलेला भाग) जुन्या कॅमला झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस त्याहून जास्त लागतं. असं इंजिन असेल तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात झिंकचं प्रमाण शोधा.

मापातली चोरी सगळ्यात सोपी. इंजिनाला फिल्टरसकट साडेतीन लिटर लागतं, बिल चार-पाच लिटरचं, उरलेलं मेकॅनिकच्या फळीवर. मॅन्युअलमधला ‘फिल्टरसह’ हा आकडा लिहून न्या. डब्याचं सील समोर फोडायला लावा. जुन्या फिल्टरवर आधीच मार्करने खूण करा, कारण न बदलता नुसता पुसून ठेवलेला फिल्टर नव्यासारखाच चमकतो. ऑइल भरल्यावर इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा. उरलेलं ऑइल घरी आणा आणि रिकाम्या डब्याला भोक पाडा. गाळलेलं जुनं ऑइल अशाच डब्यांतून पुन्हा विकलं जातं.

‘फ्लश करून घेऊ’ (म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुऊ) हा आग्रहही सरसकट मानू नका. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि दाबाचा लाल दिवा लागतो. त्यापेक्षा योग्य ग्रेडचं ऑइल घालून पुढचे दोन बदल निम्म्या अंतरावर करा, प्रत्येक वेळी फिल्टरसकट.