मनगट फ्यूज केल्यावरचे आठ महिने : भाकरी जमते, वेणी नाही

मला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बरीच वर्षं आहे. गोळ्यांनी बोटं सांभाळली गेली, पण उजव्या मनगटातली कूर्चा झिजून हाडावर हाड आलं होतं. दुधाची पिशवी उचलली तरी कळ कोपरापर्यंत जायची. कृत्रिम सांध्याचंही विचारलं होतं. तो कालांतराने सैल होऊ शकतो आणि मला घरातली जड कामं सुटणार नव्हती, म्हणून फ्यूजन, म्हणजे मनगटाची हाडं कायमची एकमेकांना जोडून टाकणं, ठरलं. सर्जननी आधी मनगट अजिबात वाकणार नाही असा कडक स्प्लिंट घालून घरचं सगळं करून बघायला लावलं. ही पायरी कुणीही गाळू नका.

ऑपरेशनमध्ये कोपर ते मनगटाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या तळव्यातल्या हाडापर्यंत वरच्या बाजूने प्लेट बसवली आणि मधल्या फटींत कमरेचं हाड भरलं. सुरुवातीला मनगटापेक्षा कंबरच जास्त ठणकली! बोटं मात्र लगेच हलवायला लावली. हाडं जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर आधी प्लास्टर, मग स्प्लिंट.

आता मूळ दुखणं गेलंय. हात लुळा पडेल ही नातेवाइकांची भीती मात्र फुकाची. तळवा उपडा-उताणा करायची हालचाल कोपर ते मनगटाच्या दोन हाडांमध्ये होते, त्यामुळे किल्ली फिरते, फडकं पिळता येतं. पकडही सुधारली, कुकरचं झाकण मीच लावते.

भाकरीने छळलं. मनगट किंचित मागे वळवून जोडतात, कारण तसं मूठ घट्ट बसते. पण मग तळवा परातीत सपाट टेकायला कोपर वर हवं, आणि आमचा ओटा उंच. शेवटी पायाखाली पाट घेतला, तेव्हा कुठे थापता आली. हाताने जेवताना घास तोंडाशी नेतानाही कोपर उचलावं लागतं. पंगतीत उजवीकडच्याने सांभाळून बसावं.

वेणी घालणं, ब्लाउजचे मागचे हुक आणि लोणच्याच्या बरणीत हात घालणं सुटलं. जमिनीवरून उठताना तळवा टेकत नाही, मूठ टेकते. बोटं ताणली की प्लेटवर शीर घासल्यासारखं वाटतं. फारच त्रास झाला तर प्लेट काढता येईल म्हणतात, पण पुन्हा भूल घ्यायची माझी तयारी नाही.

एक गोष्ट सर्जननी मोकळेपणाने विचारली, बरं झालं: संडासला धुता कुठल्या हाताने? दोन्ही मनगटं खराब असली तर हा प्रश्न फार मोठा. माझ्या डाव्या मनगटाचाही एक्स-रे चांगला नाही. ते पूर्ण फ्यूज करायचं नाही हे ठरलंय. मोजकीच हाडं जोडून थोडी हालचाल राखणारं ऑपरेशन असतं, त्याची चौकशी चालू आहे.