गॅरेज ४० अंशांवर, हेझी आयपीएसाठी यीस्ट कुठलं? व्हॉस, लुट्रा आणि हॉर्निंडाल

आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. जूनमध्ये दुपारी चार वाजता आमच्या गॅरेजमधला थर्मामीटर ४२-४३ अंश दाखवतो. घरी बिअर करणाऱ्याने इथे एकतर फर्मेंटरसाठी (बिअर आंबते ते भांडं) वेगळा फ्रिज घ्यावा, नाहीतर मे ते सप्टेंबर भांडी आवरून ठेवावीत. मी चार उन्हाळे भांडीच आवरली. मग क्वाइक नावाचं, उष्णता सोसणारं यीस्ट हाती आलं. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्याच्या तीन प्रकारांवर मी हेझी आयपीए, म्हणजे फळांसारख्या वासाची गढूळ, मऊ बिअर, केली, प्रत्येकावर निदान दोनदा आणि रेसिपी तीच ठेवून. १९ लिटरची बॅच, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), पाचवा हिस्सा ओट्स, थोडा गहू, सुरुवातीची घनता १.०६२ (साखर आंबत जाते तशी ही घनता उतरते), आणि शेवटी सिट्रा आणि मोझेक या हॉप्सचं (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) मिळून १७० ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे न उकळता घातलेले हॉप्स.

क्वाइक म्हणजे पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेलं यीस्ट. त्या बोलीतला हा शब्द चेतवणे, पेटवणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ठेवायचं, पुढच्या सणाला बिअर करताना ते वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, टाकायचं, आणि आपलं बिघडलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. आपल्याकडे विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातात, अगदी तसं. बिअरचे अभ्यासक लार्स मारियुस गारशोल यांनी गावोगाव फिरून हे सगळं नोंदवून ठेवलं नसतं तर आज पाकिटात क्वाइक विकत मिळालं असतं का, याची मला शंका आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून हे यीस्ट नेहमीच्या ब्रूइंग यीस्टपेक्षा वेगळा गट असल्याचं दिसलं. आयपीएवाल्यांसाठी त्यात एक कामाची गोष्ट आहे: शेतघरातली इतर काही यीस्टं बिअरला लवंगेसारखा वास देतात, क्वाइक देत नाही. तो वास हेझीत आला तर आंब्या-अननसाच्या वासाच्या हॉप्सची वाटच लागते.

पहिली बॅच लॅलमंड या यीस्ट कंपनीच्या लॅलब्रू व्हॉसवर केली. ११ ग्रॅमचं कोरडं पाकीट, किंमत द्रवरूप यीस्टपेक्षा बरीच कमी, आणि कंपनी ३५ ते ४० अंश हे उत्तम तापमान सांगते. ज्या घराण्यातून हे यीस्ट जगभर पोहोचलं ते नॉर्वेतल्या व्हॉस भागातले सिग्मुंड यॅर्नेस आपल्या बिअरमध्ये ते ३९ अंशांवर टाकतात. मीही ३९ वर टाकलं. चौथ्या तासाला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) टकटक वाजू लागला आणि तिसऱ्या दिवशी घनता १.०१३ वर स्थिर झाली. लंडन एल थ्रीसारख्या, हेझीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या यीस्टला याच कामासाठी मी नऊ-दहा दिवस देते.

त्या वेळी बाबा नागपूरहून आले होते. ते पीत नाहीत. पण त्यांचं लहानपण काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत गेलंय आणि नाक अजून तल्लख आहे. केगमधून (बिअरच्या पिंपातून) पहिला ग्लास काढून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "हे त संत्र्याचं साल आहे. फळ नाही. साल नखानं दाबलं की बारीक फवारा उडते नं, तो वास." सिट्रा-मोझेकची एवढी मोठी मात्रा असूनही त्यांना आधी संत्र्याचं सालच लागलं. मी पुन्हा वास घेतला आणि मग मलाही दुसरं काही जाणवेना.

व्हॉस उत्तम यीस्ट आहे, पण संत्र्याकडे झुकलेलं. ज्यांना हेझीत संत्रं हवंय, म्हणजे अमरिलो किंवा मँडरिना बव्हेरियासारखे हॉप्स वापरणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावं. सिट्रा, गॅलक्सी, मोझेक वापरत असाल तर साल आणि आंबा एकमेकांच्या आड येतात. ते तळाशीही फार पटकन बसतं. त्यामुळे बिअर निवळेल अशी मला धास्ती होती, पण तसं झालं नाही. हेझीचा गढूळपणा ओट्स-गव्हाची प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स यांच्यामुळे टिकतो, तरंगत्या यीस्टवर तो फारसा अवलंबून नसतो.

खरी अडचण तोंडात जाणवली. बिअर पातळ आणि किंचित आंबट लागली. मीटरवर पीएच ४.१ आला. माझ्या नेहमीच्या हेझीचा ४.४ असतो. क्वाइक पीएच जरा जास्तच खाली नेतं, आणि हेझीचा तर सगळा जीव त्या मऊ, भरल्या तोंडात असतो. पुढच्या बॅचला मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचं, तापमान ६६ वरून ६९ वर नेलं, पाण्यातलं क्लोराइड सल्फेटच्या दुपटीहून वर ठेवलं आणि ओट्स वाढवले. फरक पडला. क्वाइकवर हेझी करायची असेल तर यीस्ट निवडण्याआधी एवढं कराच, मग प्रकार कुठलाही घ्या.

ओमेगा या यीस्ट कंपनीचं लुट्रा मी थोडक्यात आटोपते, कारण तक्रारीला त्याने जागाच ठेवली नाही. नॉर्वेतल्या हॉर्निंडालच्या क्वाइकमधून वेगळं काढलेलं हे यीस्ट कमालीचं स्वच्छ आंबवतं. उन्हाळ्यात लागरसारखी, साफ चवीची बिअर हवी असेल तर यासारखं दुसरं नाही. हेझीत मात्र ते सगळं हॉप्सवर सोडून देतं. हॉप्स ताजे आणि महागडे असले तर बिअर छान होते, पण यीस्टने स्वतःहून काही घातल्याची ती गोलाई मला त्यात मिळत नाही.

आता हॉर्निंडाल. ओमेगाचंच द्रवरूप पाऊच आहे आणि मर्यादा ३७ अंशांपर्यंतची. हे मी जुलैत एका ऑनलाइन दुकानातून मागवलं. खोका दुपारभर दारात उन्हात पडून होता. आतलं बर्फाचं पाकीट गरम पाण्याची पिशवी झालं होतं. दुकानाने पैसे परत द्यायला नकार दिला आणि मला त्याचा अजूनही राग आहे, कारण उन्हाळ्यात ॲरिझोनाला शुक्रवारी माल पाठवू नये एवढं यीस्ट विकणाऱ्याला कळायला हवं. यीस्ट मेलं नव्हतं. पण आधी छोट्या बाटलीत वाढवून घ्यावं लागलं, त्यात दीड दिवस गेला.

वर्टमध्ये टाकल्यावर मात्र ते असं काही उसळलं की संध्याकाळपर्यंत फर्मेंटर ४१ अंशांवर गेला. बाहेरची उष्णता आणि आंबण्याची स्वतःची उष्णता, दोन्ही एकत्र. बाबांनी काही न विचारता जुनी सुती चादर ओली केली, फर्मेंटरला माठासारखी गुंडाळली, खाली पाण्याचं टब ठेवलं आणि टेबलफॅन लावला. नागपूरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो ते ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत त्याहून चांगलं चालतं. दोन तासांत तापमान ३३ वर आलं आणि चादर ओली ठेवली तोवर तिथेच राहिलं.

माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली हेझी ती हीच. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेला अननस, मागून आंबा, आणि हॉप्स त्यातच मिसळलेले. यीस्ट कुठे संपलं आणि मोझेक कुठे सुरू झालं ते सांगता येत नव्हतं. बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "आता फळ आलं." पुढची बॅच मी मुद्दाम ३७ वर केली. तिच्यात तो अननस जरा जास्त पिकून उतरायला लागल्यासारखा झाला. म्हणून हॉर्निंडाल मी आता ३१ ते ३३ अंशांतच ठेवते. क्वाइक उष्णता सोसतं म्हणून त्याला सोसायलाच लावावं असं हेझीत तरी करू नये.

दोन गोष्टी आणखी. वर्टची घनता १.०५० च्या खाली असेल तर यीस्टचं खाद्य घालाच. ही यीस्टं नॉर्वेतल्या जड, दाट वर्टवर वाढलेली आहेत, पातळ वर्टमध्ये ती मध्येच अडकतात. आणि आंबणं तीन दिवसांत संपतं म्हणून घाईने ड्राय हॉप करून लगेच गार करू नका. हॉप्समधल्या एन्झाइम्समुळे उरलेली साखर पुन्हा आंबू लागते आणि लोण्यासारखा वास येतो. हॉप्स घातल्यावर मी दोन दिवस कोमट ठेवते, मग गार करते, आणि केगमध्ये नेताना हवा अजिबात लागू देत नाही.

उन्हातल्या त्या पार्सलनंतर मी हॉर्निंडाल विकत घेणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी वर आलेला दाट फेस, हॉप्स पडायच्या आधी, उकळून गार केलेल्या चमच्याने काढते आणि बेकिंग पेपरवर पातळ पसरते. इथल्या हवेत एका दिवसात त्याच्या खडखडीत वाळलेल्या पापड्या होतात. फ्रीझरमध्ये छोट्या बरणीत ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका मित्राची बॅच अडकली तेव्हा तो रात्री नऊला वाटी घेऊन आला, आणि त्याला मी त्यातल्या दोन चमचे दिल्या.