बेदाणा, कंदी पेढा, जॅमची बाटली: फोटोला खिडकी बरी, खोका बरा की बॅटनची चौकट?

बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो. हिरवा माल फोटोत पिवळा दिसला तर गिऱ्हाईक पुढं सरकतं, आणि पिवळा माल हिरवट दिसला तर पार्सल परत येतं. म्हणून घरच्या घरी लाइटिंग करताना आधी रंग बघावा, उजेड नंतर. उजेड कमी पडला तर फोन स्टँडवर लावून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. बल्बच्या उजेडात जो रंगच नाही, तो मात्र कुठल्याही ॲपनं परत येत नाही.

या एका कसोटीवर खिडकी सगळ्यांत पुढे आहे. खर्च फक्त २२ × २८ इंची पांढऱ्या कार्डपेपरचा आणि एका सनबोर्डचा (हलक्या पांढऱ्या फोमच्या पाटीचा). टेबल खिडकीला लावा. कार्डपेपर मागच्या बाजूला चिकटवून घडी न पाडता टेबलावर वळवा, म्हणजे मागे रेघ येत नाही. खिडकीच्या समोरच्या अंगाला, मालापासून वीतभर अंतरावर सनबोर्ड उभा करा. तो जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. खोलीतले दिवे बंदच ठेवा. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की पेढ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी होते, आणि दोन्ही एकदम दुरुस्त होत नाहीत.

'उत्तरेची खिडकी घ्या, तिथं ऊन येत नाही' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. आपल्याकडे तो वर्षभर लागू पडत नाही. सातारा-सांगली कर्कवृत्ताच्या बरंच खाली असल्यानं मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चअखेरीपासूनच उत्तरेच्या खिडकीत शिरायला लागतं. ऊन आलं की ग्रिलची सावली थेट मालावर पडते. अशा वेळी काचेवर ट्रेसिंग पेपर लावला की काम भागतं. खिडकीचा खरा दोष वेगळा आहे. ढग आला-गेला की उजेड बदलतो. सहा वस्तूंचे फोटो काढताना चालून जातं, साठ वस्तूंच्या कॅटलॉगला चालत नाही.

तिथं खोका लागतो. साधारण १८ इंची चौकोनी खोका घ्या, दोन बाजू आणि वरचा भाग कापा, कडेला ५ सेंटिमीटर पट्टी राखा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. आतल्या उरलेल्या खाकी पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावायला बरेच जण विसरतात. मग खाकी रंग परावर्तित होऊन सगळा माल तांबूस दिसतो आणि दोष बल्बला दिला जातो. दोन्ही बाजूंना एकेक बल्ब खोक्याच्या बाहेर, कागदापासून २५ सेंटिमीटरवर ठेवा. त्याहून जवळ आणले तर कागदावर पांढरा डाग पडतो, आणि अंतर दुप्पट केलं तर उजेड पावपट होतो. बल्ब आत कधीही ठेवू नका, आणि जुना हॅलोजन तर कागदाच्या आसपासही नको.

बल्ब घेताना वॅट नंतर बघा, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) आधी. साध्या एलईडीचा तो ८० च्या आसपास असतो आणि त्यात लाल रंग कमी पडतो. त्यामुळे भाजलेल्या खव्याचा कंदी पेढा मातकट दिसतो आणि हळद लिंबासारखी. पाकिटावर ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तरच घ्या. दोन्ही बल्ब एकाच कंपनीचे, एकाच केल्विनचे (उजेड किती पिवळा की पांढरा, त्याचं माप) हवेत. होल्डर, वायर धरून साधारण पाचशे ते सातशे रुपयांत काम होतं.

खोक्याची मर्यादा म्हणजे चारी बाजूंनी सारखा उजेड. सावली जाते, तसा पोतही जातो. कंदी पेढ्याचा रवाळपणा, हळकुंडाच्या आडव्या रेषा, सगळं सपाट होतं. एका बाजूचा बल्ब बंद करून तिथं पांढरा कागद उभा केला की पोत परत येतो. एवढं केलं की खोका निम्मा सुधारतो.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी जॅमची बाटली मात्र खोक्यात घालू नये. काचेवर दोन गोल ठिपके येतात, पुढच्या उघड्या बाजूचा काळा चौकोन येतो, आणि बाटलीची कड पांढऱ्यात विरघळून जाते. काच, स्टील, पॉलिश केलेलं लाकूड यांच्यात उजेडाचा आकारच दिसतो. म्हणून तो आकार लांब आणि सरळ हवा. २ × ४ फुटांची पीव्हीसी पाईपची चौकट करा, मागे सनबोर्ड, त्यावर २० वॅटच्या दोन चारफुटी एलईडी बॅटन (ट्यूबसारख्या लांब पट्ट्या), आणि पुढे १५ ते २० सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर. चौकट बाटलीच्या एका बाजूला उभी करा. काचेवर वरपासून खालपर्यंत एकच स्वच्छ पट्टा येतो. कड दिसण्यासाठी फोटोत येणाऱ्या भागाच्या अगदी बाहेर दोन्हीकडे काळ्या कागदाच्या पट्ट्या ठेवा. खर्च साधारण हजार ते पंधराशे रुपये, आणि वायरिंग वायरमनकडून करून घ्यावं. मिरजेची सतार खोक्यात मावत नाही, तिलाही हीच चौकट योग्य.

थोडक्यात निवड अशी: पूड, पेढे, बेदाणा आणि मोजका माल असेल तर खिडकी, रोज रात्री दुकान बंद झाल्यावर सारखेच फोटो काढायचे असतील तर खोका, चकाकणारं काहीही असेल तर चौकट. हळदीच्या पुडीसाठी तिन्हींत एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण स्टॉप (उजळपणाचं माप) खाली घ्या. गडद पिवळ्यात कॅमेऱ्याचा लाल चॅनल (लाल रंग नोंदवणारा भाग) आधी भरतो आणि ढिगाचे कण दिसेनासे होतात. मागचा कागद करडा आला तर नंतर उजळता येतो.

बल्ब आणि बॅटनच्या फोटोंत आडवे पट्टे दिसले तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं ठरवता येतात) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट हवेनं सुरकुततो आणि त्या सुरकुत्या बाटलीवर उमटतात. चार महिन्यांसाठी त्याऐवजी पांढरं मलमल ताणून लावा. नीळ घातलेलं कापड मात्र नको, फोटो निळसर येतो.